एकाच पाण्याची पाच मापे

कराडला लागूनच, पुणे-बंगळूर महामार्गावर, मलकापूर आहे. येथे नळाला चोवीस तास पाणी असते आणि ते मीटरने मोजून दिले जाते. या योजनेमुळे मलकापूरचे नाव राज्याबाहेरही पोहोचले. अशा गावातल्या मुलांना पाण्याच्या मोजमापाची गोडी आपोआप असेल, असे आम्हाला वाटले होते. म्हणून तेथील नववीच्या एका वर्गात आम्ही एक तास बसलो.

फळ्यावर उदाहरण होते : ०.००००४५६ ही संख्या वैज्ञानिक पद्धतीने लिहा. मुलांनी क्षणात उत्तर दिले, ४.५६ × १०^-५, म्हणजे दहाचा उणे पाचवा घात. पुढची चार उदाहरणेही तितक्याच झटपट सुटली. मग आम्ही गुरुजींच्या परवानगीने दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा : घरच्या पाण्याच्या बिलावर महिन्याचा वापर १६ घनमीटर असा आला आहे, तर ते पाणी किती बादल्या झाले? दुसरा प्रश्न : कोयना धरण भरले की त्यात १०५.२५ टीएमसी पाणी असते, ते किती लिटर?

वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, “सर, एक घनमीटर म्हणजे शंभर लिटर.” मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “टीएमसी म्हणजे पाण्याचं वजन ना?”

ही मुले हुशार होती आणि त्यांचे गुरुजी मनापासून शिकवणारे होते. तेव्हा दोष मुलांचा नाही, गुरुजींचाही नाही. आमच्या मते दोष दोन ठिकाणी आहे. एक, हा पाठ आपण ज्या रीतीने शिकवत आलो त्या रीतीत. आणि दोन, आपले सार्वजनिक जीवन पाण्याविषयी ज्या भाषेत बोलते त्या भाषेत. या दोन्हींचा थोडा परखड विचार करावा, म्हणून हा लेख.

बेवारस संख्या

पहिला आक्षेप सरावाच्या उदाहरणांवर. ०.००००४५६ म्हणजे काय? मीटर, ग्रॅम की सेकंद? ही संख्या कोणाची, कशाची, हे उदाहरणात कोठेच नसते. तिला एकक नाही, मालक नाही. मग विद्यार्थ्यापुढे एकच काम उरते. दशांशचिन्ह किती घरे सरकले ते मोजायचे आणि ते डावीकडे गेले तर अधिक, उजवीकडे गेले तर उणे, हा नियम लावायचा. ही शून्यांची शिरगणती झाली. हिला मोजमाप म्हणता येणार नाही.

दहाच्या घातांत लिहिण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी कागद वाचवण्यासाठी स्वीकारलेली नाही. तिचे खरे उपयोग दोन. पहिला, राशीचा आवाका एका दृष्टिक्षेपात कळतो. दुसरा, संख्येतले कोणते अंक विश्वासाचे आहेत ते सांगता येते. ५०,००० असे लिहिले तर शेवटची चार शून्ये मोजून आलेली आहेत की जागा भरण्यासाठी आहेत, हे कळत नाही. ५.० × १०^४ लिहिले की दोन सार्थ अंक आहेत हे उघड होते.

हा मुद्दा शिकवला जात नाही, म्हणून रूपांतरात गमतीदार चुका होतात. ‘धरणातून सुमारे ५०,००० घनफूट दर सेकंदाला’ या वाक्यातला ‘सुमारे’ विसरून त्याचे रूपांतर ‘१४१५.८४ घनमीटर दर सेकंदाला’ असे केले जाते. मूळ मोजणीत हजार-दोन हजारांचा फरक सहज असू शकतो, आणि उत्तरात मात्र शतांशापर्यंतचा तोरा! येथे १.४ × १०^३ घनमीटर दर सेकंदाला एवढेच प्रामाणिक उत्तर आहे. गणकयंत्राच्या पडद्यावर आठ अंक दिसतात म्हणून ते आठही खरे नसतात.

मधल्या पायऱ्या आणि वरची गच्ची

दुसरा आक्षेप ‘किलो, हेक्टो, डेका, डेसि, सेंटि, मिलि’ या शिडीवर. ही शिडी आपण सर्वांनी पाठ केली. पण डेकामीटर कोणी कोठे वापरलेला पाहिला आहे काय? हेक्टो आपल्याला भेटतो तो जमिनीच्या हेक्टरमध्ये आणि हवामानाच्या वार्तापत्रातल्या हेक्टोपास्कलमध्ये. मधल्या पायऱ्यांवर आपण खूप वेळ घालवतो आणि जेथे आजचे व्यवहार चालतात तेथे, म्हणजे किलोच्या वर आणि मिलिच्या खाली, शिडीच संपते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, म्हणजे १.९६ × १०^९ वॅट. मुलांच्या हातातल्या भ्रमणध्वनीची साठवण गिगाबाइटमध्ये आहे. मेगा, गिगा, मायक्रो, नॅनो ही नावे मुलांना बाजारातून कळतात, शाळेतून नाही.

याहून गंभीर उणीव म्हणजे शिडी फक्त लांबीला लागू पडते. मीटरचे सेंटिमीटर करताना शंभराने गुणायचे, हे मुलाने पाठ केले. मग चौरस मीटर आले, घनमीटर आले, तरी तो शंभरानेच गुणतो. मलकापूरच्या मुलाने घनमीटरला शंभर लिटर म्हटले ते याच वाटेने. प्रत्यक्षात १ मीटर म्हणजे १०^२ सेंटिमीटर. तर १ चौरस मीटर म्हणजे १०^४ चौरस सेंटिमीटर आणि १ घनमीटर म्हणजे १०^६ घन सेंटिमीटर. एक लिटर म्हणजे १०^३ घन सेंटिमीटर. म्हणून एका घनमीटरात १०^६ भागिले १०^३, म्हणजे १०^३ लिटर. येथे घातांकांचा नियम आणि एककाचे रूपांतर या दोन गोष्टी एकत्र येतात. पण पुस्तकात त्या बहुधा दोन वेगळ्या पाठांत, कधी दोन वेगळ्या इयत्तांत असतात. त्यांची गाठ घालून देणे हे शिक्षकावरच येऊन पडते.

आता बिलाचे उत्तर सोपे आहे. १६ घनमीटर म्हणजे १६,००० लिटर. वीस लिटरची बादली धरली तर ८०० बादल्या. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा दंडक वापरतात. चार माणसांचे तीस दिवसांचे पाणी त्या हिशेबाने १६,२०० लिटर होते. म्हणजे १६ घनमीटरचे बिल वाजवी आहे. हेच उत्तर ज्याला काढता येत नाही, त्याने बिलावर १६ ऐवजी १६० आले तर तक्रार कशाच्या जोरावर करायची?

वर्तमानपत्रातील पाणी

आता दुसऱ्या दोषाकडे वळू. पावसाळ्याच्या दिवसांत सातारा-सांगली भागातले कोणतेही वर्तमानपत्र उघडा. एकाच पानावर पाण्याची किमान पाच मापे सापडतात. पाऊस मिलिमीटरमध्ये असतो. धरणाचा साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, नदीची पातळी फूट आणि इंचांत, आणि शहराला होणारा पुरवठा एमएलडीमध्ये, म्हणजे दशलक्ष लिटर प्रतिदिन. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात आणखी एक माप असते, दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पाणी तेच. डोंगरावर पडले, धरणात आले, नदीतून वाहिले आणि नळातून घरात पोहोचले. दर टप्प्याला त्याचे नाव बदलते, त्यामुळे वाचकाला एका टप्प्याची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही.

त्यात मापांचा वापरही चुकीचा होतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. ‘दर सेकंदाला’ हे त्या शब्दातच आहे. तरी ‘प्रतिसेकंद ५० हजार क्युसेक’ असे सर्रास छापले जाते. ‘धरणातून ५० हजार क्युसेक पाणी सोडले’ हे वाक्यही अपुरे आहे. किती वेळ सोडले, हे सांगितल्याशिवाय किती पाणी गेले ते कळत नाही. ‘मोटार ताशी साठ किलोमीटर धावली’ एवढे सांगून ती कोठवर पोहोचली हे कोणाला कळेल? आम्ही लिहिणारेही या दोषातून सुटलेले नाही. घाईत आमच्याही लेखणीतून अशी वाक्ये उतरतात.

आणि टीएमसी? इंग्रजीतल्या ‘थाउजंड मिलियन क्यूबिक फीट’ची ही आद्याक्षरे. हजार दशलक्ष म्हणजे १०^९. मराठीला यासाठी उसन्या आद्याक्षरांची गरजच नव्हती. भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे १०^० पासून १०^१७ पर्यंत, दहाच्या प्रत्येक घाताला स्वतंत्र नाव दिलेले आहे. त्यात १०^९ ला अब्ज म्हटले आहे. काही वर्तमानपत्रे ‘अब्ज घनफूट’ असे लिहितात, ते आम्हाला अधिक पसंत आहे. निदान ते वजन नसून घनफळ आहे, हे त्या नावातून कळते. आपल्या मुलांना दहाचे घात परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. एकं, दहं, शतं म्हणताना ती घातांकच मोजत असतात. फक्त एकं हा शून्यावा घात, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

अब्ज घनफुटांचे चित्रही डोळ्यांपुढे उभे करता येते. १०^९ म्हणजे १०^३ चा घन. म्हणजे हजार फूट लांब, हजार फूट रुंद, हजार फूट उंच अशी पाण्याची एक टाकी. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, तेव्हा या टाकीची बाजू सुमारे ३०५ मीटर आणि घनफळ २.८३ × १०^७ घनमीटर, अर्थात २८.३ दलघमी. अशा १०५.२५ टाक्या म्हणजे कोयनेचा शिवाजीसागर : २.९८ × १०^९ घनमीटर किंवा २.९८ × १०^१२ लिटर. जवळजवळ तीन घन किलोमीटर. मलकापूरच्या वर्गाला विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर.

दुसरी बाजू

टीका करताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपल्या देशात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. मग इतक्या वर्षांनीही घनफूट का? त्याला कारणे आहेत. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांतले वाटप टीएमसीमध्ये झाले आहे. बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ साली राजपत्रात आला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. ज्या आकड्यावर तीन राज्ये भांडली, तो आकडा सहजासहजी बदलत नाही.

शिवाय फुटांच्या पद्धतीतही दशमानाची सोय आहे. क्युसेक आणि टीएमसी ही एकाच कुळातली मापे आहेत. एका दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणून ५०,००० क्युसेकने एक दिवस पाणी वाहिले तर ५ × १०^४ गुणिले ८.६४ × १०^४, म्हणजे ४.३२ × १०^९ घनफूट, अर्थात ४.३२ टीएमसी पाणी जाते. धरणावर काम करणारा माणूस हा हिशेब तोंडी करतो.

तिसरे कारण लोकांच्या स्मरणाचे. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे नदीकाठच्या लहान पोरालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात तेथे पाणी ५७ फुटांवर गेले, हे कोणी विसरलेले नाही. पुराच्या रात्री ‘पाणी १३.७ मीटरवर आले’ असे जाहीर केले तर गोंधळ उडेल. ज्या मापाने माणसे जीव वाचवतात, ते माप ऐन पुरात बदलण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही.

पण मग आक्षेप कशावर? पूल बांधलेला नाही, यावर. फूट राहो, पण शेजारी मीटरही द्यावा. जमिनीच्या बाबतीत आपण हे साधले आहे. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते, बोलण्यात गुंठा असतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून शेतकऱ्याचे अडत नाही. पाण्याच्या बाबतीत असा सोपा जोड नाही. म्हणूनच तेथे शाळेची गरज आहे.

पूल नसेल तर काय होते, याचा जगप्रसिद्ध दाखला २३ जुलै १९८३ चा आहे. त्या सुमारास कॅनडात दशमान पद्धत नव्याने रुळत होती. एका प्रवासी विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. टाक्यांत ७,६८२ लिटर होते. एका लिटरचे वजन ०.८०३ किलोग्रॅम धरायचे, त्याऐवजी १.७७ हा आकडा धरला गेला. तो पौंडांचा होता. त्यामुळे सुमारे २०,००० लिटर भरायचे ते ४,९१७ लिटर भरले गेले. विमानाची दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर कौशल्याने उतरवले, म्हणून माणसे वाचली. हिशेब करणाऱ्यांचा गुणाकार बरोबर होता. चुकले ते एवढेच, की १.७७ या संख्येला तिचे एकक चिकटवलेले नव्हते. बेवारस संख्येची ही किंमत.

वर्गात काय करावे

आम्ही येथे तीन गोष्टी सुचवतो. यांपैकी कशालाही खर्च नाही.

पहिली, संख्या कधीही एककाशिवाय लिहू देऊ नये आणि रूपांतर करताना एककेही संख्येसारखीच गुणावी-भागावी. १६ घनमीटर गुणिले १००० लिटर प्रति घनमीटर असे पूर्ण लिहिले की वरचा आणि खालचा घनमीटर कटतो आणि लिटर उरतो. एकक बरोबर उरले नाही, तर कोठेतरी भागाकाराच्या जागी गुणाकार झाला आहे, हे मुलाला स्वतःला कळते. गुरुजींच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी, पाठाचा सराव गावच्या पाण्यावर करावा. एक उदाहरण देतो. चाळीस हजार वस्तीचे गाव धरा. माणशी १३५ लिटरप्रमाणे त्याला रोज ४ × १०^४ गुणिले १३५, म्हणजे ५.४ × १०^६ लिटर, अर्थात ५.४ × १०^३ घनमीटर पाणी लागेल. आता धरणातून ५०,००० क्युसेक विसर्ग चालू आहे. तो दशमानात १.४ × १०^३ घनमीटर दर सेकंदाला. भागाकार करा. गावाची दिवसभराची तहान भागवणारे पाणी पुलाखालून चार सेकंदांच्या आत निघून जाते! पुढचा प्रश्न मुलेच विचारतील : मग उन्हाळ्यात टंचाई का? आवाका कळला की प्रश्न सुचतात.

दुसरे उदाहरण पावसाचे. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, म्हणजे ८.९२ × १०^८ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर, म्हणजे १०^-१ मीटर पाऊस सर्वत्र पडला, तर ८.९२ × १०^७ घनमीटर पाणी पडले. त्याला २.८३ × १०^७ ने भागले की ३.१५ टीएमसी. यातले काही जमिनीत मुरेल, काही वाफ होऊन जाईल. पण धरणात येऊ शकणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा शाळेतल्या मुलाने दोन ओळींत काढली. मिलिमीटर आणि टीएमसी यांच्यामध्ये हा पूल झाला.

तिसरी, वर्तमानपत्रातील आकडे मुलांनी तपासावे. समजा, साठा ९५ टीएमसी आहे, आवक ६०,००० क्युसेक आहे आणि पायथ्याच्या वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले जात आहे. धरण किती वेळात भरेल? निव्वळ आवक ५७,९०० क्युसेक, म्हणजे दिवसाला ५.० टीएमसी. रिकामी जागा १०.२५ टीएमसी. उत्तर, साधारण दोन दिवस. आवक तासातासाला बदलते आणि धरण पूर्ण भरण्याची वाट न पाहता दरवाजे उघडले जातात, हेही मुलांना सांगावे. म्हणून उत्तर ‘दोन दिवस’ असेच लिहावे, ‘४९ तास १२ मिनिटे’ असे नव्हे.

हा हिशेब परीक्षेत येणार नाही, अशी शंका काही शिक्षक घेतील. ती खरी आहे. पण नदीकाठच्या गावात तो जुलै-ऑगस्टमध्ये दरवर्षी येतो. ज्या घरातल्या नववीच्या मुलीला हा हिशेब येतो, त्या घराला गोठ्यातली जनावरे कधी हलवायची हे अफवेवरून ठरवावे लागत नाही. प्रशासनाची सूचना तर पाळायचीच, पण ती समजून पाळता येते.

वर्ग सुटताना आम्ही मुलांना घरचे पाण्याचे मीटर पाहून यायला सांगितले. काळे अंक घनमीटरचे आणि लाल अंक त्याच्या अंशांचे, एवढीच खूण दिली. टीएमसीला वजन समजणारी ती मुलगी दारातून परत वळली आणि म्हणाली, “मग सर, मीटर पण दहाच्या घातातच मोजतो की!”

वैज्ञानिक लेखनाचा पाठ खरे तर तेथून सुरू व्हायला हवा होता.